आठवड्याला अर्धा अंश

आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं झाली ती एका नॉबवरून. पॅसेजमधल्या भिंतीवर तो होता, बशीएवढा, पिवळट पडलेला. उजवीकडे फिरवला की घर गरम, डावीकडे फिरवला की गार. छतावर एकच मशीन आणि तिथून पत्र्याच्या डक्टमधून तिन्ही खोल्यांत हवा यायची. नॉब एक आणि माणसं तीन, म्हणजे काय होणार ते सांगायला नको.

आईला थंडी सोसत नाही. मागच्या हिवाळ्यात तिची छाती भरली, नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये काढले. सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की हिला आता गारठा लागू द्यायचा नाही, पुन्हा असं झालं तर अवघड आहे. बायकोचं नेमकं उलटं. ती दिवसभर हॉटेलच्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीसमोर उभी असते, त्यात पाळी जाण्याचं वय. घरी आली की तिच्या अंगाची नुसती लाही होते. बाहेर नळाच्या तोटीला बर्फ धरलेला असला तरी ती खिडकी उघडून उभी राहणार. आई स्वतः त्या नॉबला कधी हात लावायची नाही. तिच्या वतीने मी फिरवायचो, बायको येऊन उलटा फिरवायची, मी पुन्हा जायचो, आणि मग आम्ही दोघं पॅसेजमध्ये उभे राहून एकमेकांच्या सात पिढ्या काढायचो. आई आपल्या खोलीचं दार हळूच लोटून घ्यायची.

हे सगळं माझ्या मोठ्या बहिणीच्या कानावर जायचं. कोण घालायचं ते माहीत नाही, आई तर नक्कीच नाही. ताई सहा तासांच्या अंतरावर राहते आणि दर रविवारी फोन करते. "तुला जमत नसेल तर तसं सांग," ती म्हणायची. "मी आईला घेऊन जाते. पण तिची छाती पुन्हा भरली तर मी विचारायला थांबणार नाही, सांगून ठेवते." हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. आई या घरात बत्तीस वर्षं राहते आहे. तिची खोली मागची, लहान, पण खिडकी रस्त्यावर उघडते आणि समोर किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी आहे. तो सकाळी फळी उघडतो, वर बघतो, आई पडदा सरकवते. दोघं आजवर एकमेकांशी चार वाक्यं बोलली नसतील. पण एखाद दिवशी पडदा सरकला नाही तर तो मला रस्त्यात थांबवून विचारतो, आजी बऱ्या आहेत ना. अशा माणसाला उचलून दुसऱ्या गावात नेऊन ठेवायचं, म्हणजे काय कपाट आहे का ते?

म्हणून मी ठरवलं की नॉबच काढून टाकायचा आणि स्वतःच काहीतरी बनवायचं. ज्याच्या त्याच्या खोलीचा निकाल ज्याने त्याने लावावा.

माझा धंदाच तो आहे. मी कोल्ड स्टोरेजमध्ये पॅनल बघतो. बारा गोदामं, उणे अठरापासून अधिक चारपर्यंत, आणि प्रत्येकाचा एक दिवा. हिरवा म्हणजे सगळं जागच्या जागी. बिघाड झाला तर दिवा लाल होतो आणि बझर कोकलतो. बझर वाजला नाही तर खुर्चीवरून उठायचं नाही, हे मी वीस वर्षांत शिकलो आणि नव्या पोरांनाही हेच शिकवतो. जे बोंब मारत नाही ते बरं चाललंय.

थंडी सुरू व्हायच्या आत काम संपवायचं म्हणून आठ रविवार घातले. डक्टच्या तिन्ही तोंडांना पत्र्याच्या झडपा बसवल्या, झडप उघडायला आणि मिटायला छोट्या मोटारी लावल्या. प्रत्येक खोलीत उशीच्या उंचीवर एकेक सेन्सर आणि दाराशेजारी दोन बटणं. लाल दाबलं की खोली अर्धा अंश वाढवून मागायची, निळं दाबलं की अर्धा अंश कमी. जेवणाच्या टेबलावर वायरींचा पसारा, घरभर सोल्डरिंगचा वास. बायको त्याला माझी सवत म्हणायची. "या जेवायला, नाहीतर सवतीला घेऊन तिकडेच बसा," असं दर रविवारी एकदा तरी ऐकायला मिळायचं. आई मात्र खुर्ची ओढून शेजारी बसायची आणि सुटे स्क्रू झाकणात गोळा करून द्यायची. मला लहानपणी घड्याळं खोलायची खोड होती, तेव्हाही ती अशीच बसायची.

पॅसेजमध्ये जिथे नॉब होता तिथे पॅनल लावलं. त्यावर तीन दिवे, तीन खोल्यांचे. आकडे मुद्दामच दाखवले नाहीत. आकडे दिसले की तुलना आली, तुझे वीस आणि माझे बावीस, म्हणजे पुन्हा तीच महाभारतं. खोलीने जे मागितलंय ते तिला मिळतंय, एवढंच दाखवायला हिरवा दिवा. कोणी बटण दाबलं तर त्या खोलीचा दिवा पाच मिनिटं लाल होणार आणि पॅनल दोनदा वाजणार. वाजायची गरज काय होती, असं आता कोणीही विचारेल. मला तेव्हा प्रश्नच पडला नाही. पॅनल म्हटलं की बझर असतोच.

आणि एक नियम घातला, ज्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता. माणसाला नेमकं किती गरम हवंय ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही, ते मशीनने शोधून काढायचं. सुरुवात सगळीकडे बावीसपासून. सात दिवस कोणी लाल बटण दाबलं नाही, तर त्या खोलीतल्या माणसाला आहे त्याहून थोडं कमीही चालेल असं धरायचं आणि अर्धा अंश उतरायचं. तक्रार आली की परत अर्धा अंश वर. हळूहळू प्रत्येकाचा बरोबर आकडा सापडेल. कामावरच्या वेल्डरला मी हे चहा पिताना समजावलं तर तो म्हणाला, "तू हुशार आहेस रे, इथे फुकट गेलास." मला ते खरंच वाटलं.

थंडी पडली आणि घरात शांतता आली. बायको आमच्या खोलीत निळं बटण दाबायची, पुढच्या खोलीत निळं दाबायची, आणि आईच्या खोलीशी तिचा काही संबंध राहिला नाही. भांडण बंद. मी रोज कामावरून आलो की आधी पॅनलकडे बघायचो. तीन हिरवे दिवे. मग आईच्या खोलीत दहा मिनिटं बसायचो, तसाच, कामावरचा जाड कोट अंगावर ठेवून. "कसं चाललंय मशीन? मस्त ना?" मी विचारायचो. "मस्त," ती म्हणायची. "तू बनवलंयस म्हटल्यावर." तिच्या अंगात दोन स्वेटर असायचे, पायांवर रजई. म्हातारी माणसं घालतातच. दिवसभर उणे अठरात आत-बाहेर करणाऱ्याला घरातली कुठलीही खोली गरमच लागते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ताईला मी फोनवर ऐकवलंसुद्धा की ये एकदा आणि बघून जा, तुझ्या बंगल्यात नसेल अशी सोय आईला करून दिली आहे.

ती आली. चौदाव्या आठवड्यातल्या रविवारी, सकाळी अकराला, न कळवता. बूट काढले, बायकोशी दोन शब्द बोलली आणि सरळ आईच्या खोलीत गेली. अर्ध्या मिनिटात तिने मला हाक मारली.

"इथे एवढं गार का आहे?"

"गार कुठे आहे," मी म्हणालो.

"कोट काढ आणि मग सांग." मी तेव्हा भाजी आणायला निघालो होतो, कोट अंगावरच होता. ताईने आईचा हात माझ्या हातात दिला. "हे बघ."

आईचा हात गार होता. फ्रिजमधून काढलेल्या भांड्यासारखा, बोटांच्या टोकांना निळसर. ती हसून हात सोडवायला बघत होती आणि हसता हसता खोकली. तो खोकला पंधरा दिवसांपासून होता. घशात खवखवतंय, असं ती म्हणाली होती आणि मीही तिला गोळ्या आणून देऊन मोकळा झालो होतो.

तरीही मी काय केलं असेल? पॅसेजमध्ये जाऊन दिवा बघून आलो. "हिरवा आहे," मी ताईला सांगितलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला लाज वाटायला हवी होती. पण मला राग आला. मशीनवर नाही, तिच्यावर. तिला दाखवून द्यायचं म्हणून मी लॅपटॉप आणला आणि पॅनलमधली सगळी नोंद उघडली.

आईची खोली, साडेसोळा अंश.

मला वाटलं बटण बिघडलं. जाऊन लाल बटण दाबलं. पॅनल दोनदा वाजलं, दिवा लाल झाला, वर डक्टमध्ये झडप उघडल्याचा टक असा आवाज आला. बटण ठणठणीत होतं. मग मी नोंद वरपासून वाचत गेलो. सहावा दिवस, मंगळवार, सकाळी सहा दहा, मागची खोली, लाल. त्यानंतर त्या खोलीतून एकही नोंद नाही. फक्त दर सातव्या दिवशी मशीनने स्वतः घातलेली एक ओळ, तक्रार नाही, अर्धा अंश कमी. आणि पुढच्या सातव्या दिवशी पुन्हा तीच ओळ. अशा खाली खाली उतरत गेलेल्या ओळी, सगळ्या माझ्याच शब्दांत. पुढच्या आणि आमच्या खोलीतून मात्र बटणं एकोणसत्तर वेळा, कधी निळं, कधी लाल.

बायको माझ्या मागे उभी राहून वाचत होती. ती आत गेली, आईच्या पलंगावर बसली आणि तिचे पाय रजईवरून चोळत राहिली.

ताईने आईला त्याच दुपारी डॉक्टरकडे नेलं. छातीत कफ साठलाय, पण वेळेत आलात, हॉस्पिटलची गरज नाही, असं ते म्हणाले. औषधं आणि ऊब, दोन महिने. परत येताना ताईने जिन्यातच सांगून टाकलं की बुधवारी ती आईला घेऊन जाणार. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

त्या संध्याकाळी मी तो नियम काढून टाकला. आईच्या खोलीचा आकडा तेवीसवर बांधून टाकला, बझरची वायर कापली, बटणं उखडली. तासाभरात खोली तापली. आईने वरचा स्वेटर काढला, मग आतला. ब्लाउजच्या बाहीतून तिचे दंड दिसले आणि ती या तीन महिन्यांत किती वाळली होती ते मला तेव्हा कळलं. मी पलंगाशेजारी जमिनीवर बसलो.

"आई, दाबलं का नाहीस?"

"ते वाजतं रे."

"वाजतं म्हणजे?"

"एकदा दाबलं होतं. टिंग टिंग वाजलं. तिची सुट्टी होती त्या दिवशी, दमून झोपली होती बिचारी, दचकून उठली. बाहेर येऊन बघितलं कोणाच्या खोलीचा दिवा लाल झालाय ते. काही बोलली नाही हं, तिला उगाच बोलू नकोस. पण म्हटलं, राहू दे. स्वेटर आहेत की."

"मग मला सांगायचं. मी रोज येऊन विचारत होतो तुला."

आईने रजईची कड सरळ केली. "तू विचारायचास, मस्त चाललंय ना. किती हौसेने केलं होतंस. त्यावर काय सांगणार?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. जिने आयुष्यात कधी स्वतःसाठी तो नॉब फिरवला नाही, जिच्या वतीने मी वर्षानुवर्षं भांडलो, तिच्यासाठी मी असं यंत्र बनवलं की ज्यात तक्रार केल्याशिवाय काही मिळत नाही. गोदामातल्या मालाला असं चालतं. मी आईला तिथेच नेऊन बसवलं होतं.

सोमवार आणि मंगळवार आई त्या गरम खोलीत छान झोपली. खोकला जरा सुटला. बुधवारी सकाळी ताई आईची बॅग भरत होती. बायको तिला कपडे काढून देत होती. मी औषधांच्या चिठ्ठ्या लावत होतो. कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं. किल्लीवाल्याला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, त्याने फक्त मान हलवली होती.

आई दारात स्टुलावर बसून बूट घालत होती. एक बूट घातला आणि थांबली.

"मला जायचं नाही," ती म्हणाली.

हळूच म्हणाली, पण अगदी स्पष्ट. ताई बॅग उचलत होती, ती तशीच थांबली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी विचार केला. खरंच केला, आता मी विचार करणारा माणूस झालो होतो ना. तीन दिवस मी स्वतःला एकच गोष्ट बजावत होतो, की आई म्हणते त्यावर जायचं नाही, ती आपल्यासाठी सोसते, आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलते. आणि मला वाटलं, हेही तेच. ताईसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून ती असं म्हणते आहे. स्वतःची छाती पणाला लावून मुलाची लाज राखते आहे. या वेळी मी फसणार नव्हतो.

"दोन महिन्यांचाच प्रश्न आहे, आई," मी म्हणालो. "तिकडे तुझी नीट काळजी घेतली जाईल."

तिने माझ्याकडे बघितलं. मग दुसरा बूट घातला. नाडी मी बांधली.

गाडी गेली. बायको आणि मी जिना चढून वर आलो. ती दारातच थांबली, आत आली नाही.

"तुम्ही असं का केलंत?" ती म्हणाली.

"काय केलं? डॉक्टरांनीच सांगितलंय ऊब हवी म्हणून."

"ऊब इथे आहे आता. तेवीस अंश आहे. मी आजच सकाळी लॅपटॉपवर बघितलं." तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "एकोणीस वर्षं मी त्यांच्याबरोबर राहतेय. त्यांनी माझ्याकडे कधी पाण्याचा पेला मागितला नाही. आज पहिल्यांदा तोंड उघडून काहीतरी मागितलं त्यांनी. आणि तुम्ही त्यांच्या पायात बूट चढवलात."

"ती माझ्यासाठी म्हणत होती," मी म्हणालो. "माझी लाज राखायला."

"तुम्हाला कोणी सांगितलं? विचारलंत त्यांना?"

मी विचारलं नव्हतं. आधी गप्प राहिली तेव्हा मी धरून चाललो की तिला काही नकोय. आणि बोलली तेव्हा धरून चाललो की ती मनातलं बोलत नाहीये. दोन्ही वेळा मीच धरून चाललो होतो.

मी ताईला फोन लावला. गाडी गावाबाहेर पडली होती. आईला दे म्हणालो. ताई कुरकुरली, पण तिने दिला.

"बोल रे," आई म्हणाली.

"आई, तू मघाशी म्हणालीस ते... तुला खरंच जायचं नव्हतं?"

"असू दे," ती म्हणाली. "आता निघालोय ना."

गाडी वळवा, एवढं मला म्हणायचं होतं. तोंडात होतं. पण मला ते तिच्याकडून ऐकायचं होतं, एकदा, म्हणजे या वेळी चूक होणार नाही. मी ती म्हणेल म्हणून थांबलो. तीही तिकडे काही न बोलता फोन कानाला धरून होती, तिचा श्वास ऐकू येत होता, थोडा घरघरणारा. बायको माझ्या समोर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मग ताईने फोन काढून घेतला. पुढे रस्ता चढाचा आहे, रेंज जाईल, पोचल्यावर करते म्हणाली.